केदारी डॉक्टरांचा ‘बिघडलेला’ थर्मामीटर

मी थर्मामीटर बोलतोय, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट कानावर घालतो. मी बिघडलेलो नाही. कधीच नव्हतो. निपाणीच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा, ‘केदारी डाक्टरची काच खुळी हाय’ हेच ऐकायला मिळेल. बायका तर हसत हसत सांगतात. बावीस वर्षं हे ऐकून घेतोय मी. सोसायलाही काही हद्द असते की नाही?

माझा जन्म विलायतेतला. केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत पारा भरला, तोंड वितळवून बंद केलं आणि अंगावर एकेक रेघ कोरली, पंच्याण्णवपासून एकशे दहापर्यंत. अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढे एक बाण काढला. पारा बाणापाशी थांबला तर माणूस बरा, वर गेला तर ताप. एवढंच माझं शिक्षण, पण चोख. मी तपासून पास झाल्याचा कागदसुद्धा माझ्या डबीत होता. तो कागद पुढे कंपाउंडरनं पुडी बांधायला वापरला, हा भाग वेगळा.

बेळगावात कॅम्पातल्या एका औषधवाल्याच्या कपाटात मी वर्षभर पडून होतो. एकोणीसशे तेरा साली एक उंच, सावळा, घाईघाईनं बोलणारा तरुण आला आणि मला उचलून उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. हे केदारी डॉक्टर. कंग्राळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यात डॉक्टरकीची परीक्षा पास झालेला पहिलाच. निपाणीत दवाखाना टाकणार होते. मला खिशाला लावून ते निघाले, आणि वाटेत चारदा हात लावून मी आहे ना, हे त्यांनी पाहिलं. तेव्हा वाटलं, चला, कदर असलेल्या माणसाच्या हाती पडलो.

मोठ्या शहरांत म्हणे पोरांचे डॉक्टर वेगळे आणि मोठ्यांचे वेगळे. निपाणीत एकच दार. सकाळी बाकावर तान्हं पोर, त्याच्या शेजारी दमेकरी म्हातारा, त्याच्या शेजारी पाय मोडलेला गाडीवान, आणि सगळ्यांच्या तोंडात नाहीतर काखेत फिरणारा मी एकटा. कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढायचे मला, पण त्यानं वास जातो, आठवण जाते का?

आता तुम्हीच ऐका आणि सांगा, मी चिडू नको तर काय करू? हे गाव तंबाखूचं. मोठी माणसं दाढेखाली चिमूट धरून यायची आणि तशाच तोंडात मला घ्यायची. एक शेटजी दाराबाहेर कढत चहा पिऊन आत आले. मी एकशे पाच दाखवले, तर घरी रडारड. निम्म्या लोकांना वाटायचं मी ताप मोजत नाही, ओढून घेतो. मला बाहेर काढलं की म्हणायचे, ‘आनि जरा वेळ ऱ्हाऊ द्या की डाक्टर, निम्माच उतरलाय.’ पोरांचं तर विचारू नका. काखेत ठेवायला चौघांनी धरावं लागायचं. लाथा, ओरखडे, आणि वर माझ्या अंगावर शू. तरी पोरं बरी, असं मी म्हणेन. पोराचं अंग जे आहे ते सांगतं. मोठी माणसं घरून ठरवून आलेली असतात, काय सांगायचं आणि काय नाही ते.

आणि त्यातही बायका. स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा जणू पणच केलेला. चक्कर येऊन पडेपर्यंत वखारीत तंबाखू झाडत बसतील, पण अंगात ताप आहे म्हणणार नाहीत. डॉक्टर कावायचे, मीही कावायचो. त्यामागचं कारण आम्हा दोघांना कळलं ते मनुबाईमुळे.

मनुबाई ही बायाक्काची सून. बायाक्का म्हणजे तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं राबलेली, साऱ्या गल्लीला दमात ठेवणारी बाई. तिचा मुलगा नागोजी वखारीतच हमाल. एकदा बायाक्काच्या पायाला गळू झालं होतं म्हणून सून सोबत आली होती. ती दारात भिंतीला धरून उभी राहिलेली डॉक्टरांनी पाहिली आणि विचारपूस न करता मला तिच्या तोंडात दिलं. एकशे तीन! डॉक्टर तरुण होते, सरळ होते. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले की सुनेला चांगलाच हिवताप आहे, पंधरा दिवस औषध आणि झोपून राहणं. बायाक्कानं मान डोलावली, व्हय व्हय म्हणाली, औषधाची बाटली पदरात बांधली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईला बैलगाडीत घालून माहेरी धाडलं. खानापूरच्या पलीकडे, जंगलातलं गाव. भर तापात चार दिवसांचा रस्ता. रीतच होती ती. धडधाकट आहे तोवर सून सासरची. आजारी पडली की माहेरची. बरी झाली तर आणायला जायचं. महिन्यानं बायाक्काची शेजारीण दवाखान्यात आली आणि खोकल्याचं औषध घेता घेता सांगून गेली की मनुबाई वारली. डॉक्टरांनी त्या दिवशी मला डबीतून काढलंच नाही. मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. आकडा माझा होता ना! चुकीचा सांगितला असता तर वाचली असती का? तसंही नाही. पण खरा सांगूनही गेलीच की.

बायाक्का दुष्ट होती असं समजू नका. तिलाही तिच्या सासूनं तीनदा माहेरी धाडलं होतं. ती तीनदा बरी होऊन आली. त्यामुळे बाकीच्याही येतात, असं तिला मनापासून वाटायचं.

नागोजीचं दुसरं लग्न झालं. ही नवी सून जयवंता. बारीक अंगाची, खाली मान घालून बोलणारी. तिला मुलगा झाला, शामू, आणि बायाक्काला आभाळ ठेंगणं झालं. एकोणीसशे पंचवीसचा पावसाळा सरता सरता सासू-सून शामूला घेऊन दवाखान्यात आल्या. पोर दीड वर्षाचं, अजून अंगावर पिणारं. जयवंता म्हणाली, एक दिवसाआड दुपारी याला थंडी वाजून ताप येतो.

मला काखेत घातलं. अठ्ठ्याण्णव. पोर गुळाचा खडा चोखत होतं आणि दुसऱ्या हातानं कंपाउंडर भरमाची टोपी ओढत होतं. डॉक्टर म्हणाले, आज ताप नसेल. कोयनेल म्हणजे हिवतापावरचं ते कडूजहर औषध, त्याची पोरासाठीची पातळ बाटली दिली. आठ दिवसांनी दोघी परत. ताप येतोच आहे म्हणे. मी पुन्हा अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय होतं? जयवंता म्हणाली, डोकं फुटतंय म्हणतंय, कंबर लई दुखती म्हणतंय.

अहो, दीड वर्षाचं पोर! त्याला अजून ‘आई’ धड म्हणता येत नव्हतं, आणि ते कंबर दुखते म्हणतंय? मी डबीत नुसता धुमसत होतो. पण डॉक्टरांच्या पुढ्यात तीस माणसं, पलीकडे एक बाई कण्हतेय, एक पोर ओकतंय. त्यांनी रजिस्टरात ‘शामू नागोजी, ताप’ लिहिलं आणि बाटली दिली.

मला मात्र तेव्हाच समजलं होतं. पोराच्या काखेत मला धरून ठेवणारा हात जयवंताचा होता आणि तिच्या बोटांचा चटका काचेला लागत होता. पोराची बाटली तीच पीत होती, चोरून. लहान पोराचा डोस तो! मोठ्या माणसाच्या तापाला त्यानं काय होणार? दोन दिवस दबायचा, पुन्हा उसळायचा. आणि ती सांगणार कुणाला? बायाक्का मांडीला मांडी लावून बसलेली. बाकावरच्या बाईला तीच सांगत होती, आधीच्या सुनेला, मनुबाईला, कशी वेळेवर माहेरी धाडली ते. जयवंताच्या माहेरी आई नव्हती. भाऊ होता, मष्णू, त्याचंच घर जेमतेम. आणि पोर सासरचं, ते इथंच राहणार. सासूचं ते बोलणं ऐकताना तिनं शामूला असं घट्ट धरलं की ते किंचाळलं.

तिसऱ्या खेपेला दोघी आल्या त्याही ताप येण्याच्याच दिवशी. दुपारची वेळ. डॉक्टरांनी मला पोराच्या काखेत दिलं आणि पडद्याआड कुणाचं तरी गळू फोडायला गेले. आतला माणूस ओरडला तशी बायाक्का उठून पडद्याच्या फटीतून बघायला लागली. तेवढ्यात जयवंतानं मला ओढून पदराआड नेलं आणि स्वतःच्या काखेत दाबलं. बाप रे! चुलीवरच्या तव्यासारखं अंग. मी भराभर चढत गेलो. पडदा हलला, तशी तिनं मला पुन्हा पोराच्या काखेत सारलं. पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय मी खाली येत नाही, हे तिनं दोन खेपांत बघून ठेवलं होतं. शहाणी होती पोर. निदान औषध तरी जोराचं मिळेल, असं तिला वाटलं असावं.

डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. एकशे तीन. पोराच्या कपाळाला हात लावला. गार. मला झटकलं, पुन्हा पोराच्या काखेत घातलं आणि या वेळी स्वतः धरून उभे राहिले. अठ्ठ्याण्णव.

‘बिघडलाय हा,’ ते म्हणाले.

मी! मी बिघडलोय! बारा वर्षं एकाही आकड्यात चूक नाही, तंबाखू सोसली, शू सोसली, आणि हे बक्षीस! घशात आवाज असता तर त्या दिवशी सगळी बाजारपेठ गोळा केली असती.

भरमा म्हणाला, टाकून द्यायच्या आधी तपासून तरी बघा. मग काय, माझी परीक्षा सुरू झाली. डॉक्टरांनी मला स्वतःच्या तोंडात धरलं, बाणावर. भरमाच्या तोंडात, बाणावर. बायाक्का म्हणाली, माझा बी बघा, आणि तंबाखूची चिमूट न थुंकताच तिनं तोंड उघडलं. तिथंही मी मुकाट्यानं बाणावर. मग डॉक्टरांनी मला धुऊन जयवंतापुढे धरलं.

ती मागे सरकली. मला काय झालंय, म्हणाली.

‘धर की गं,’ बायाक्काच दटावून म्हणाली. ‘काच खुळी झालीया का बघायचंय त्यास्नी. तुला कोन काय म्हनतंय?’

मग तिनं मला जिभेखाली धरलं. मी चढलो. थांबू शकत नाही ना मी, काय करणार! मनुबाईच्या वेळीही असाच चढलो होतो. डॉक्टरांनी मला काढून खिडकीशी नेलं. एकशे तीन. त्यांनी वळून जयवंताकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की डोकेदुखी, कंबरदुखी, सगळ्याचा अर्थ त्यांना आत्ता लागला. जयवंतानं शामूला छातीशी धरलं होतं. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती.

बायाक्कानं विचारलं, किती हाय?

माझा आकडा डॉक्टरांच्या ओठांवर आला होता, मी शपथेवर सांगतो. तो त्यांनी गिळला. मला जोरजोरानं झटकलं आणि म्हणाले, ‘बिघडलाच आहे, आक्का. भलतंच दाखवतोय.’

मग खुर्चीत बसले आणि अगदी गंभीर तोंडानं सांगू लागले. पोराच्या अंगात ताप मुरलाय. पोर लहान आहे, एवढं कडू औषध त्याला सोसणार नाही, ओकून टाकेल. तेव्हा औषध आईनं प्यायचं. मोठ्या माणसाचा डोस, दिवसातून तीनदा. दुधातून ते पोराच्या पोटात जाईल. आणि दूध चांगलं यायला हवं, म्हणून आठ दिवस आईनं वखारीत जायचं नाही, दुपारचं निजायचं, रोज एक अंडं आणि दूध घ्यायचं. यात कसूर झाली तर पोराचं काही खरं नाही.

भरमानं भुवया वर केल्या, पण मुकाट्यानं मोठी बाटली भरली. आणि बायाक्का! अहो, नातवाचा प्रश्न होता. तिनं सुनेला माहेरी धाडणं तर सोडाच, घरातून हलू दिलं नाही. दिवसातून तीनदा समोर उभं राहून औषध पाजलं. कोयनेलनं जयवंताच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, तर ही म्हणाली, वाजू देत, पोरासाठी एवढं बी न्हाय सोसत? नागोजी रोज अंडं आणायचा. आठ दिवसांनी तिघं आली तेव्हा डॉक्टरांनी ‘थर्मामीटर सुधारलाय का बघू’ म्हणून मला पुन्हा तिच्या तोंडात दिलं. बाणावर! अचूक बाणावर. मी इतक्या आनंदानं कधी थांबलो नव्हतो. तर डॉक्टर म्हणतात कसे, ‘अजून भरवसा नाही याचा.’

गेलीच ना अब्रू! बायाक्कानं ती गोष्ट वखारीभर केली. पोर बरं झालं, डाक्टर गुणी, पर काच खुळी. आणि डॉक्टरांनाही चटक लागली. पोराला मांडीवर घेऊन कुणी बाई आली, पोर टुणटुणीत आणि आईचे डोळे खोल गेलेले दिसले, की हे लगेच सुरू, ‘आमचा थर्मामीटर जरा बिघडलाय बाई, तुझ्या तोंडात धरून बघू दे.’ सासवा स्वतःच सांगायच्या, धर गं. किती बायका बऱ्या झाल्या याची मोजदाद मी केली नाही. सगळ्यांचा ताप रजिस्टरात पोरांच्याच नावावर. दुसरे दोन थर्मामीटर आले, ते म्हणे चांगले. ते पुरुषांना. ते फुटलेसुद्धा. मी मात्र बिघडलेलाच राहिलो, बावीस वर्षं.

मी डॉक्टरांवर रागावलो होतो का? होतो. आजही थोडा आहे. त्यांनी केलं ते बरोबर, हे मला कळतं. पण प्रत्येक वेळी खोटं ठरायचं ते मीच का? तापलेलं अंग बाईचं, रीत सासूची, युक्ती डॉक्टरांची, आणि नाव खराब काचेचं. आणि एवढं करून बदललं काय? पुढचीही बाई पोर घेऊनच यायची.

आता यंदाचं सांगतो. ऑगस्टात बाजारपेठेत झेंडे लागले, पोरांना पेढे वाटले. त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. डॉक्टर साठीच्या पुढे गेलेत, नजर अधू झालीय, माझ्यावरच्या रेघाही बोटं फिरून फिरून पुसट झाल्यात. बायाक्का जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी जयवंता आली. केस पिकलेत, आता घरात तिचाच शब्द चालतो. सोबत शामूची बायको, शालूबाई, अठरा वर्षांची असेल. तिचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

डॉक्टरांनी सवयीनं तिच्या मांडीकडे बघितलं आणि विचारलं, पोर कुठं आहे?

जयवंता म्हणाली, घरी ठेवलंय, त्याला काय झालंय?

डॉक्टर गोंधळले. तरी सवय ती सवय. मला डबीतून काढून सुरुवात केलीच, ‘बरं, आमचा हा थर्मामीटर जरा बिघडलाय...’

‘डाक्टरसाहेब,’ जयवंता म्हणाली, ‘त्यो बिघडलेला न्हाय. त्या दिशी बी बिघडला न्हवता. ताप मला हुता.’

बाकावर सात-आठ बायका होत्या. शालू सासूकडे भेदरून बघायला लागली. जयवंता तिच्याकडे वळलीसुद्धा नाही.

‘हिला ताप हाय,’ ती म्हणाली. ‘हिचंच नाव लिवा. माहेरी धाडनार न्हाय मी हिला. हितंच बरी करा.’

डॉक्टरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मला शालूच्या जिभेखाली दिलं. मी चढलो, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला चढायची लाज वाटली नाही. डॉक्टरांनी मला खिडकीशी धरलं, बराच वेळ डोळे बारीक करून वाचलं आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘एकशे दोन.’

मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, ‘शालूबाई शामू, वय अठरा, ताप.’ जयवंतानं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ऐकलंस न्हवं? आता घरी जाऊन गप पडायचं.’ बाकावरच्या एका बाईनं आपलं धडधाकट पोर मांडीवरून खाली सोडलं आणि ती मुकाट्यानं पुढे सरकली.

माझे दिवस आता थोडे राहिलेत. आज ना उद्या डॉक्टरांच्या हातून निसटेन आणि फरशीवर पारा पसरेल. त्याआधी हात जोडून एवढंच सांगतो. तंबाखू थुंकून या, चहा नंतर प्या, आणि ज्याला ताप आहे त्यानंच या. बाकी गावात कुणी मला खुळा म्हणालंच, तर त्याला म्हणावं, जयवंताला विचार.